बातमीचे दात पाहून घ्या

(अंबड येथे शेतकरी व कारागीर मंडळींपुढे दिलेले व्याख्यान)



आज बोलायचा विषय काय, असे येताना मला दोघातिघांनी विचारले. मी म्हटले, बातम्या आणि करमणूक. त्यावर पारावर बसलेले एक म्हातारबा म्हणाले, "म्हंजे एकच की!" व्याख्यान तेथेच संपले असते तरी चालले असते. पण सतरंज्या अंथरल्या आहेत, चहाचे आधण ठेवले आहे, तेव्हा चार शब्द बोलणे भाग आहे.

आपल्यापैकी ज्याने बैल घेतला आहे त्याला बाजाराची रीत ठाऊक आहे. विकणारा शिंगे तासून रंगवून आणतो, पाठीवर झूल टाकतो, अंगाला तेल चोळतो. हेड्या मध्ये पडून बैलाच्या सात पिढ्यांचे गुण गातो. घेणारा कुणबी मात्र झुलीकडे पाहत नाही. तो आधी जबडा उघडतो. बैल आदत आहे, दुसा आहे, चौसा आहे की जुळलेला आहे, हे पाहिल्यावाचून तो रुमालाखाली बोट धरीत नाही. मग खांदा दाबून पाहतो, चार पावले चालवून पाहतो. असा हा चतुर माणूस संध्याकाळी घरी येतो, मोबाईल उघडतो, आणि त्यात जे येईल ते झुलीसकट घेतो! दात पाहणे नाही, चाल पाहणे नाही; अंगठा दाबला, पुढे पाठविले, मोकळा झाला. बैल खोटा निघाला तर एका घराचे नुकसान होते. बातमी खोटी निघाली तर गावाचे होते.

हे बोलणे दुसरीकडे कोठे केले असते तर लोक म्हणाले असते, पोपटपंची आहे. अंबड तालुक्यात मात्र त्याला आधार आहे. पूर्वी अंबडचे नाव बाहेर जाई ते मत्स्योदरी देवीमुळे, नवरात्रातील यात्रेमुळे, दत्तजयंतीच्या गाण्याच्या उत्सवामुळे आणि मोसंबीमुळे. २९ ऑगस्ट २०२३ रोजी अंतरवाली सराटीत मनोज जरांगे पाटील उपोषणाला बसले, १ सप्टेंबरला तेथे लाठ्या चालल्या, आणि मग डोक्यावर पराती घेतलेल्या मोटारी गावात येऊन उभ्या राहिल्या. (ती परात उपग्रहाला चित्र पाठविते, हे आता आपले शेंबडे पोरही सांगते.) ज्या गावाचे नाव परजिल्ह्यात दोनदा सांगावे लागे, त्याची वाट मुंबई-दिल्लीचे बातमीदार विचारू लागले.

मराठ्यांची मागणी रास्त की गैररास्त, ओबीसींची हरकत खरी की खोटी, याचा निवाडा करायला मी आलो नाही. त्यासाठी आयोग आहेत, समित्या आहेत, कोर्टे आहेत, आणि त्यांनाही तो उरकत नाही. मला बोलायचे आहे ते त्याभोवती उभ्या राहिलेल्या तमाशाविषयी. तमाशा हा शब्द मी शिवी म्हणून वापरीत नाही, हे आधीच सांगतो. तमाशा आपल्या घरचा आहे, ढोलकी आपली आहे, कडे वाजविणारा आपला आहे. म्हणूनच खेळ रंगला कोठे आणि फसला कोठे, हे आपल्याला इतरांपेक्षा लवकर कळले पाहिजे.

आता हार पाहा. पुढारी कोणत्याही पक्षाचा, कोणत्याही जातीचा असो, तो आला की जेसीबीच्या सोंडेतून फुले उधळायची आणि क्रेनला भला मोठा हार टांगायचा, अशी नवी रीत पडली आहे. ज्या यंत्राने विहीर खणायची, बांध घालायचा, ते यंत्र फुले टाकते! हार गळ्यात घालण्यासाठी असतो, अशी आपली जुनी समजूत. पण हा हार खरोखरच गळ्यात घातला तर पुढारी उरणार नाही, म्हणून तो वर लोंबकळत ठेवतात आणि पुढारी खालून हात जोडून पुढे जातो. झेंडू पिकविणारा माळी त्या गर्दीत एका कोपऱ्यात उभा राहून किती माल पायदळी गेला हे मोजत असतो. त्याला भाव मिळाला असेल तर माझी काही तक्रार नाही. उलट मी म्हणेन, असे पुढारी महिन्यातून चार येऊ द्या.

जून २०२४ मध्ये 'संघर्षयोद्धा मनोज जरांगे पाटील' या नावाचा चित्रपट लागला. त्याच महिन्यात खुद्द जरांगे पाटील अंतरवालीत पुन्हा उपोषणाला बसले होते. म्हणजे एक जरांगे मांडवात उपाशी आणि दुसरे जरांगे पडद्यावर! पूर्वी शाहीर लढाई संपली म्हणजे पोवाडा रची. आता लढाई चालू असतानाच तिकीट फाडतात. चित्रपटाचा शेवट काय केला असेल, याचे मला फार कुतूहल वाटले, कारण शेवट त्या वेळी सरकारलाही ठाऊक नव्हता. हे झाले थट्टेचे. पण खरे सांगू? शेतकऱ्याच्या घरचा, किडकिडीत अंगाचा, आपल्यासारखे बोलणारा एक माणूस नायक म्हणून पडद्यावर यावा, याचे मला कौतुकच वाटले. आपली बोली पडद्यातून ऐकू आली की घरातल्या म्हातारीचा चेहरा फुलतो. ते फुलणे खोटे नाही, आणि त्याला नाक मुरडणारा शहाणा मला आवडत नाही.

माझे भांडण दुसरीकडे आहे. १७ नोव्हेंबर २०२३ रोजी ओबीसींची एल्गार सभा याच अंबडात भरली. पुढे जून २०२४ मध्ये लक्ष्मण हाके आणि नवनाथ वाघमारे वडीगोद्रीला उपोषणास बसले. अंतरवाली आणि वडीगोद्री ही एकाच तालुक्यातली शेजारची गावे. पाऊस चुकला तर दोघांकडे चुकतो, गारपीट झाली तर दोघांकडे होते. पण पडद्यावर काय दिसले? एक चौकोन इकडे, एक चौकोन तिकडे, मध्ये उभी रेघ, आणि वर लाल अक्षरांत 'आमने-सामने'. जणू दोन मुलुखांच्या फौजाच येऊन ठाकल्या! त्या रेघेच्या दोन्ही बाजूंच्या मंडळींनी वर्षानुवर्षे एकमेकांच्या लग्नात पंगती वाढल्या आहेत, हे त्या चौकोनात मावत नव्हते, म्हणून वगळले.

ही रेघ काचेवर राहिली असती तर मी बोललो नसतो. ती गावात उतरली. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०२४ च्या लोकसभा निवडणुकीनंतर अमक्या जातीच्या दुकानावरून माल घेऊ नका, असे निरोप मोबाईलवर फिरले. आता हिशेब करा. मराठ्याने न्हाव्याकडे जायचे नाही असे ठरविले, तर दाढी वाढते मराठ्याची आणि चूल विझते न्हाव्याची. वंजाऱ्याने गावातल्या मराठ्याच्या दुकानाचे खत घ्यायचे नाही म्हटले, तर तो पेट्रोल जाळून दोन कोसांवरून तेच पोते त्याच भावाने आणतो. लोहाराने फाळाला धार लावायची नाही, सुताराने तिफण जोडायची नाही, कुंभाराने माठ द्यायचा नाही. मग पेरा कोण करणार आणि पाणी कशात पिणार? आणि त्या निरोपाखाली सही कोणाची होती म्हणाल, तर कोणाचीच नाही! दात पाहावेत तर तोंडच नाही. असला बैल तुम्ही दावणीला बांधलात तरी कसा, हे मला विचारायचे आहे.

यात हेड्या कोण, हेही समजून घ्या. वाहिनीचे पोट जाहिरातीवर भरते. देशातल्या काही निवडक घरांत यंत्रे बसविलेली असतात. कोणती वाहिनी किती वेळ पाहिली हे त्यावरून मोजतात आणि जाहिरातीचा भाव ठरतो. मोबाईलचे त्याहून सोपे आहे. तुम्ही ज्या चित्रावर क्षणभर थांबता, ते तो मनात धरतो आणि त्याच वाणाची आणखी दहा चित्रे पुढे सरकवितो. भांडणावर थांबलात की भांडणे येतात, नाचावर थांबलात की नाच येतो. म्हणजे मोबाईल तुम्हांला जग दाखवितो असे नाही. तुम्हीच टाकलेले वैरण तो तुम्हांला परत घालतो. आमचा एक शेजारी तक्रार करीत होता की, हल्ली मोबाईलवर फार घाणेरडे दाखवितात. मी म्हटले, बाबा, ही तक्रार चारचौघांत करू नका.

आता गंमत ऐका. सप्टेंबर २०२३ मध्ये सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि निजामी दप्तरांतून कुणबी नोंदी शोधण्याचे काम सुरू झाले. मोडी आणि उर्दू वाचणारे जे म्हातारे घरात कोणी विचारीत नव्हते, त्यांना एकदम जावयाचा मान आला. ट्रंका उघडल्या, वाळवी लागलेले कागद उन्हात वाळत पडले. एके काळी कोणी 'कुणबट' म्हटले तर आमचे आजे काठी उगारीत. 'आम्ही क्षत्रिय' म्हणून मिशीला पीळ भरीत. आता नातू तोच शब्द कागदावर सापडावा म्हणून नवस बोलतो. जोतीरावांनी १८६९ साली शिवाजी महाराजांचा पोवाडा छापला तेव्हा महाराजांना कुळवाडीभूषण म्हटले होते. त्या वेळी आमच्यातल्या किती जणांनी नाके मुरडली असतील! कुणबी या शब्दाची किंमत दीडशे वर्षांनी कळली, हीही काही कमी नाही. पण ती दाखल्यापुरती कळली की कष्टापुरती, हे अजून दिसायचे आहे.

हसून झाले. आता जबडा उघडून दाखवितो.

२९ ऑगस्ट २०२५ ला जरांगे पाटील मुंबईत आझाद मैदानावर बसले; २ सप्टेंबरला हैदराबाद गॅझेटसंबंधीचा शासन निर्णय निघाला. ते पाच दिवस आपण सर्वांनी डोळ्यांत तेल घालून पाहिले. त्याच सुमारास दुसरी एक बातमी दाराशी येऊन उभी होती. परदेशी कापसावर आपल्या देशात ११ टक्के आयात कर असे. केंद्र सरकारने तो १९ ऑगस्ट २०२५ पासून माफ केला. आधी म्हणाले ३० सप्टेंबरपर्यंत. मग २८ ऑगस्टला मुदत वाढवून ३१ डिसेंबर केली. कारण काय, तर अमेरिकेने आपल्या मालावर ५० टक्क्यांपर्यंत जकात चढविली, कापडवाले अडचणीत आले, त्यांना कापूस स्वस्त मिळावा. कापडवाल्यांची अडचण खोटी होती असे मी म्हणत नाही. पण ती अडचण सोडविली कोणाच्या खिशातून? आपली वेचणी सुरू होते दसऱ्या-दिवाळीला. म्हणजे नेमका आपला कापूस घरात येणार, त्याच वेळी बाहेरच्या कापसाला फाटक सताड उघडे. त्या वर्षीचा हमीभाव मध्यम धाग्याला ७,७१० रुपये आणि लांब धाग्याला ८,११० रुपये क्विंटल असा कागदावर छापलेला होता. व्यापाऱ्याच्या काट्यावर तो किती जणांनी पाहिला, हे येथे बसलेल्यांनी हात वर करून सांगावे.

...एकही हात नाही. बरे.

त्या बातमीला परात घेऊन कोणी आले नाही. तिच्यात उपोषण नव्हते, लाठी नव्हती, आमने-सामने नव्हते. होते ते फक्त आपले घर. बोंड उघडते तेव्हा ते मराठ्याच्या शेतातले की धनगराच्या, माळ्याच्या की महाराच्या, हे काही काट्यावर दिसत नाही. भाव पडला की सर्वांचाच पडतो. मोसंबीचेही तेच. पडदा दोन चौकोनांत फाटला होता तेव्हा हा तिसरा चौकोन दाखवायचा राहून गेला.

पुढे सप्टेंबरात आभाळ फाटले. जायकवाडीचे दरवाजे उघडले, गोदाकाठची पिके गेली, माती खरडली. ७ ऑक्टोबर २०२५ रोजी सरकारने ३१,६२८ कोटी रुपयांची मदत जाहीर केली. आकडा इतका मोठा की तो वाचतानाच पोट भरावे! पण अंबडच्या माणसाला असा आकडा ऐकला की हसावे की रडावे कळत नाही, कारण त्याच्या आधी काही आठवडेच एक बातमी येथलीच आली होती. अंबड आणि घनसावंगी तालुक्यांत २०२२ पासूनच्या अतिवृष्टीच्या अनुदानात हात मारल्याचे चौकशीत पुढे आले. ज्यांना जमीन नाही त्यांची नावे यादीत, काहींना एकाच नुकसानीचे दोनदा पैसे, काहींचे क्षेत्र कागदावर फुगविलेले. रक्कम सुमारे २५ कोटींची सांगितली गेली. तलाठी, कारकून निलंबित झाले, अंबडला पोलिसांत गुन्हा नोंदला गेला. गुन्हा कोणावर शाबीत होतो हे कोर्ट ठरवील, त्यात आपण तोंड घालायचे नाही. पण नसलेल्या शेतावर पाऊस पाडणारे हे वरुणदेव आपल्याच तालुक्यात राहत होते आणि आपण दिल्लीच्या बातम्या पाहत होतो, याची नोंद असू द्या.

येथे एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे. गोदावरीच्या पलीकडे, पैठणच्या वरच्या अंगाला, नेवासे तालुक्यात तरवडी नावाचे खेडे आहे. तेथून मुकुंदराव पाटील 'दीनमित्र' नावाचे वर्तमानपत्र काढीत. १९१० साली सुरू झालेले ते पत्र त्यांनी १९६७ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत चालविले. शहरात कचेरी नाही, सावकार पाठीशी नाही. खेड्यात बसून खेड्यातल्यांसाठी छापायचे. या मुकुंदरावांनी 'कुलकर्णी लीलामृत' रचले. पोथीचा थाट, ओव्यांचा बाज, आणि आत वर्णन कोणाचे, तर गावच्या कुलकर्ण्याच्या लेखणीच्या करामतींचे! लोक देवाची पोथी ऐकतात तसे बसून ऐकत आणि पोट धरून हसत. आमच्या निजामी मुलखात कुलकर्ण्याचे काम करणाऱ्याला पटवारी म्हणत, आणि येथे तर सभा भरवायलाही परवानगी लागे. पण हसायला परवानगी लागत नाही, हे निजामालाही आवरता आले नाही.

वतने गेली. कुलकर्ण्याचा तलाठी झाला. पगार सरकारी, परीक्षा सरकारी, आणि खुर्चीवर सर्व जातींची मुले बसली. ही मोठी गोष्ट झाली, तिच्यासाठी आपल्या वाडवडिलांनी खस्ता खाल्ल्या. पण आता त्याच खुर्चीतून यादी फुगू लागली तर लीलामृत लिहायचे की 'आपला माणूस आहे, सांभाळून घ्या' म्हणायचे? पूर्वी कुंपण शेत खाई तेव्हा ते परक्याचे म्हणून आपण हसलो. आता कुंपण आपल्या बाभळीचे आहे. आपल्याला हसू येत नसेल तर आपले पूर्वीचे हसणेही खोटे होते, असे लोक म्हणतील, आणि त्यांना उत्तर द्यायला मी तरी पुढे येणार नाही.

मायबहिणी गालातल्या गालात हसत आहेत, म्हणून त्यांच्याकडे वळतो. जुलै २०२४ पासून महिना १,५०० रुपयांची लाडकी बहीण योजना लागू झाली. पंधराशे रुपयांत काय होते, असे शहरातले पंडित विचारतात. काय होते ते मीठ-मिरचीच्या डब्यातल्या नोटा मोजणाऱ्या बाईला विचारा. नवऱ्यापुढे हात पसरल्यावाचून तिने औषध आणले, लेकीला वही आणली. मी त्या पैशाची टिंगल करणार नाही. पण वर्षभराने, जुलै २०२५ मध्ये, छाननीची बातमी आली की १४,२९८ पुरुषांनी ते पैसे उचलले! पाहा बरे. तमाशात नाच्या होणाऱ्या गड्याला लुगडे नेसावे लागे, केस वाढवावे लागत, गावच्या टवाळांचे टोमणे खावे लागत, तेव्हा कोठे चार आणे सुटत. या मंडळींनी लुगड्याला हात न लावता बहिणीची भूमिका वठविली. रक्षाबंधनाला त्यांनी कोणाला राखी बांधली असेल, एवढेच कोणी विचारले नाही.

आता चित्रपटांकडे येतो, आणि मग तुमची सुटका.

२५ एप्रिल २०२५ हा शुक्रवार होता. त्या एकाच दिवशी दोन चित्रपट लागले. एक हिंदी, 'फुले'. दुसरा मराठी, 'झापुक झुपूक'. देवाने जुळवून आणले म्हणावे असा योग, पण देवाचे नाव कशाला घ्या, वितरकांनी आणला.

'फुले' खरे म्हणजे ११ एप्रिलला, जोतीरावांच्या जयंतीला यायचा होता. काही ब्राह्मण संघटनांनी हरकत घेतली आणि तो दोन आठवडे लांबला. त्याआधी परीक्षण मंडळाने आपली कात्री चालविलीच होती. महार, मांग, पेशवाई असे शब्द काढा म्हणाले. 'तीन हजार वर्षांची गुलामी' असे एका ठिकाणी होते, तेथे 'कित्येक वर्षांची' करा म्हणाले. वा! ही हिशेबाची तऱ्हा सावकाराला कोणी शिकविली असती तर आमच्या आजाचे कल्याण झाले असते. मुद्दल किती? काही. व्याज किती वर्षांचे? कित्येक. सही कोठे करू? कोठेतरी. वस्त्यांची जातिवाचक नावे बदलायची, असे महाराष्ट्र सरकारने २०२० साली ठरविले, ते चांगले केले; आज कोणाच्या दारावर त्याची जात लिहिलेली नको. पण जुन्या काळी ती लिहिली होती, हेच गाळले तर जोतीराव-सावित्रीबाई भांडले कोणाशी, हे पोराला कसे समजायचे? वाऱ्याशी?

आणि हे आजचे सोवळे आहे, हेही लक्षात घ्या. १९५४ साली आचार्य अत्रे यांनी 'महात्मा फुले' चित्रपट काढला. बाबूराव पेंढारकर जोतीराव झाले, सुलोचनाबाई सावित्रीबाई झाल्या. त्याला राष्ट्रपतींचे रौप्यपदक मिळाले. अत्रे जन्माने ब्राह्मण. १८४८ साली मुलींच्या शाळेला ज्यांचा वाडा मिळाला ते भिडेही ब्राह्मण. त्यांना ज्या गोष्टीने विटाळ झाला नाही, तिचा विटाळ या काळात व्हावा! पण थांबा, एवढ्यात टाळ्या वाजवू नका. चित्रपटाला कात्री लागली म्हणून मोबाईलवर आग ओकणारे आपल्यातही पुष्कळ होते. त्यांतल्या किती जणांनी तिकीट काढले? थिएटरात म्हणावी तशी गर्दी झाली नाही. जोतीरावांवर प्रेम आहे, पण तिकीट फुकट असेल तर, असाच त्याचा अर्थ झाला.

दुसरा चित्रपट सूरज चव्हाणचा. बारामती तालुक्यातल्या मोढवे गावचे हे पोर. आईबाप लहानपणीच गेले, शाळा अर्ध्यावर सुटली, मोलमजुरी केली, मोबाईलवर वेडेवाकडे हातवारे करून लोकांना हसविले. ६ ऑक्टोबर २०२४ रोजी ते 'बिग बॉस मराठी'च्या पाचव्या पर्वात पहिले आले. शहाण्यांनी कपाळाला हात लावला, की असल्याला कोणी निवडले! आपणच निवडले. त्याच्या बोलण्यात आपला भाचा दिसला, त्याच्या बावळटपणात कपट दिसले नाही, म्हणून निवडले. त्याच्या नाचाला मी नावे ठेवू शकेन, त्याला ठेवणार नाही. पण त्या शुक्रवारी एका पडद्यावर शाळा काढणारे जोडपे होते आणि दुसऱ्या पडद्यावर शाळा सुटलेले पोर होते. पहिल्यांचे काम कोठवर पोचले आणि कोठे थांबले, हे दुसऱ्याकडे पाहून कळत होते. सूरजला आपण हातांवर घेतले ते बरे केले. त्याच्यासारखी जी आणखी पोरे शाळा सोडून ऊसतोडीला आणि वीटभट्टीला जातात, त्यांना कोणी मते देत नाही, कारण ती नाचत नाहीत. या तालुक्यातूनही दिवाळीनंतर कुटुंबे कोयता घेऊन निघतात. त्यांच्या पोरांची नावे शाळेच्या पटावर असतात, पोरे फडात असतात.

मंडळी, सत्यशोधक जलसे गावोगाव फिरत तेव्हा त्यांतही नाच होता, ढोलकी होती, बतावणी होती, सोंगाड्या होता. करमणूक वाईट म्हणून त्यांनी ती टाकली नाही. तिच्यात सावकार आणला, भटजी आणला, दारू पिणारा पाटील आणला. पाटील समोर घोंगडीवर बसलेला असे आणि सोंगाड्या त्याच्याकडे पाहून बोलत असे. लेकी बोले सुने लागे, अशी ती विद्या. बघणारा हसता हसता आपला कान चाचपून पाही. आजचा रील पाहताना आपण हसतो ते नेहमी दुसऱ्या जातीला, दुसऱ्या गावाला, दुसऱ्याच्या बायकोला. तेवढे एक सोडले तर आपली पोरे मोबाईलवर जी बतावणी करतात ती मला मनापासून आवडते. परवाच एका पोराने पीकविम्याच्या माणसाची नक्कल केलेली पाहिली. पंचनाम्याला आलेला माणूस गुडघाभर पाण्यात उभा राहून विचारतो, "पाऊस कोठे पडला?" असली चार पोरे या तालुक्यात असतील तर त्यांना दूध पाजा.

आता एक काम सांगतो. अतिवृष्टीच्या मदतीची गावनिहाय यादी मागता येते. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ पासून आहे, अर्जाला दहा रुपये पडतात. तुमच्या गावची यादी मागा. आली की ती पारावर मोठ्याने वाचायची. वाचायला एखादी शिकलेली पोर बसवा, आवाज खणखणीत असला म्हणजे झाले. ऐकायला मराठा, माळी, धनगर, वंजारी, न्हावी, सुतार, महार, मांग, मुसलमान, सगळे बसवा, कारण कोणाचे शेत कोठे आहे आणि कोणाला मुळीच नाही, हे सगळ्यांना मिळूनच माहीत असते. एखादे नाव आले आणि सभेत एकदम शांतता झाली, तर त्या नावापुढे पेन्सिलीने खूण करा. एखादे नाव आले आणि सगळे हसले, तर दोन खुणा करा.

चष्मे असतील त्यांनी घेऊन या. सरकारी छपाई फार बारीक असते. चहा आला वाटते.